केसपेपर निघण्याआधीची वेळ

३ जून

टिल्लू,

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हो आत्या, बरोबर आत्या" म्हणत राहतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चाललेली मला ऐकू येतात. पत्र वाचताना तरी दुसरं काही करता येत नाही.

आमच्या हॉस्पिटलच्या मुख्य दारात, आत शिरल्या शिरल्या समोर, एक भलामोठा पडदा लावलाय. अकरा विभागांची नावं, प्रत्येकापुढे आकडा आणि आकड्याला रंग. हिरवा, पिवळा, लाल. सगळ्यात खाली, लालभडक, आम्ही. कॅज्युअल्टी. 'केसपेपर ते डॉक्टर : ५२ मिनिटे. अपेक्षित : ३०.' येणारा प्रत्येक माणूस आधी हे वाचतो आणि मग माझं तोंड बघतो. काल एक म्हातारे गृहस्थ मनगट मोडून आले होते. धडक्या हाताने पडद्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "सिस्टर, शेवटून पहिल्या का हो तुम्ही?" एकोणतीस वर्षं मी हे काम करतेय. इतकं कुणी हसत हसत थोबाडीत मारलं नव्हतं.

सोमवारी अधीक्षकांनी सगळ्या विभागांच्या इन्चार्ज सिस्टरना बोलावलं आणि मला उभं केलं. शाळेतल्यासारखं. दंतविभाग पहिला आला म्हणून टाळ्या. अरे, दाताला माणूस वेळ ठरवून, चूळ भरून येतो! आमच्याकडे शिडीवरून पडून येतो, आणि आले की एकदम पाच येतात. तीन डॉक्टर मंजूर आहेत. प्रत्यक्षात दोनच, त्यातला एक अर्धा दिवस वरच्या वॉर्डात ओढलेला. वरचे वॉर्ड आमचे रुग्ण दुपारपर्यंत उचलत नाहीत, कारण त्यांच्या खाटा मोकळ्या होत नाहीत. तुंबतं त्यांचं आणि साचतं आमच्याकडे. लाल रंग मात्र आम्हाला.

मग अधीक्षक मोठ्या कौतुकाने म्हणाले, ही मोजणी मुख्य कार्यालयातल्या आकडेवारीच्या एका हुशार तरुणाने बसवली आहे. आणि तुझं नाव घेतलं. मी न सांगता खाली बसले.

चार वर्षं माझ्या घरी राहून शिकलास. त्या चार वर्षांत एकदा जरी माझ्या विभागात दोन तास बसला असतास, तरी उंटावरून शेळ्या हाकायची वेळ आली नसती तुझ्यावर.

जेवत जा वेळेवर.

आत्या


११ जून

तीर्थरूप आत्यास नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा बोटं मांडीवर ठेवून.

मुख्य दारात पडदा लावणं ही माझी कल्पना नव्हती. मी फक्त काय मोजायचं ते ठरवलं. आणि आत्या, मोजायलाच हवं. का ते सांगतो. गेल्या वर्षी एका हॉस्पिटलात रक्ततपासणीचा निकाल यायला चार तास लागत. प्रयोगशाळावाले वॉर्डाला बोल लावायचे, वॉर्ड त्यांना. आम्ही फक्त वेळा टिपल्या. कळलं की रक्ताच्या नळ्या वॉर्डाच्या खिडकीत दीड-दोन तास नुसत्या पडून असतात, कारण त्या नेणारा माणूस सहा वॉर्डांना मिळून एकच. दुसरा माणूस दिला. चाराचे दोन तास झाले. त्या दोन तासांनी किती जण वाचले असतील, तूच सांग. तिथेही पहिल्या दिवशी सगळे माझ्यावर असेच तापले होते.

तुमच्याकडे माणसं कमी आहेत, हे मला मान्य आहे. पण इथल्या बैठकीत लाल विभागाचं कुणी ऐकूनच घेत नाही. सगळे म्हणतात, आधी आहे तेवढ्यात नीट चालवून दाखवा. तू एकदा आकडा तिसाच्या आत आण. मग मी छाती ठोकून सांगतो की इतक्या कमी माणसांत या बाई हे करतात, त्यांना तिसरा डॉक्टर द्या.

माझ्यावर एवढा विश्वास ठेव.

तुझा
टिल्लू


२० जुलै

टिल्लू,

अठ्ठावीस.

आज सकाळी आमचा आकडा हिरवा झाला. अधीक्षक स्वतः खाली आले होते, खिडकीपर्यंत. केसपेपर देणाऱ्या आमच्या खिडकीवरच्या बाईंचंही कौतुक करून गेले. ती बिचारी लाजली की घाबरली, कळलं नाही. तिने आणि मी मिळून जरा शिस्त लावली, एवढंच.

तुझ्या मनासारखं झालं. आता माझा डॉक्टर दे.

आत्या


२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

अठ्ठावीस! इथे तुझ्या नावाचा नुसता गजर चाललाय. बावन्नवरून अठ्ठावीस, तेही सात आठवड्यांत, एकही माणूस न वाढवता. वार्षिक बैठकीत मी तुमच्या विभागाचा आलेख दाखवला. आमच्या संचालकबाईंनी मला थांबवून विचारलं, "हे कसं साधलं?" मी म्हटलं, "ते मी त्यांनाच लिहायला सांगतो." तेव्हा कृपा करून अर्धं पान लिहून पाठव. काय बदललंत, कुणी काय केलं. बाकीच्या हॉस्पिटलांना पाठवायचं आहे.

आणखी एक. रागावू नकोस. बालविभागात फार ओढाताण आहे. तुमचं काम आहे त्या माणसांत निभतंय असं आकडे दाखवतात, म्हणून वरून असं ठरलंय की तुमच्याकडचा दुसरा डॉक्टर आणि दोन सिस्टर तात्पुरत्या तिकडे द्यायच्या. फक्त तीन महिने. मी विरोध केला, पण माझं कोण ऐकतं?

अर्धं पान विसरू नकोस.

टिल्लू


९ ऑगस्ट

टिल्लू,

अर्धं पान हवंय ना, घे.

लाल होतो तेव्हा माणसं मिळत नव्हती, कारण लाल होतो. हिरवे झालो तर आहेत ती माणसं काढून घेतलीत, कारण हिरवे झालो. घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने! पिवळे झालो तर काय करणार आहात? छप्पर काढून नेणार?

तू "छाती ठोकून सांगतो" म्हणालास म्हणून मी माझ्या माणसांना पिळलं. दोन महिने त्यांना धड चहा पिऊ दिला नाही. काल त्या दोघी बालविभागात गेल्या. जाताना धाकटी रडली, आणि थोरली म्हणाली, "ताई, तुमचा भाचाच ना तो?" मला मान खाली घालावी लागली.

'तात्पुरत्या' हा शब्द मला शिकवू नकोस. आमच्या पट्ट्या बांधायच्या खोलीतला पंखा तात्पुरता काढून नेला, त्याला नऊ वर्षं झाली.

त्या दोघी परत पाठव. डॉक्टर ठेवा तुमच्याकडे, त्याची पूजा करा. पण त्या दोघी मला हव्यात. का ते विचारू नकोस. हव्यात.

आत्या


२१ ऑगस्ट

आत्या,

आजवर तुझी बोलणी खूप खाल्ली, पण हे पत्र लागलं.

आदेश माझा नाही, वरचा आहे, हे एकदा सांगितलं. माणसं हलवायचा अधिकार मला असता तर मी इथे तक्ते भरत बसलो असतो का? तुझा राग निघायला जागा हवी असते आणि मी हाताशी असतो, एवढंच.

मी तुझ्यासाठी इथे काय काय ऐकतो हे तुला माहीत नाही. मागच्या आठवड्यात माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "या कॅज्युअल्टीचे केसपेपर विचित्र निघतात. पंधरा-वीस मिनिटं एकही नाही, मग एकदम चार. डॉक्टर मोकळे झाल्यावरच रुग्ण येतात की काय यांच्याकडे?" सगळे हसले. मी हसलो नाही. मी तिला म्हटलं, ती माझी आत्या आहे, आणि माझ्या आत्याने आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिलेला नाही. विषय तिथेच संपला.

तुला एवढं पुरेसं नसेल तर माझा नाइलाज आहे.

टिल्लू


६ सप्टेंबर

टिल्लू,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळ सांगते.

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी एक बसचालक आमच्याकडे आला. वय शेहेचाळीस. अंगात गणवेश. डेपोत बस नीट लावून, बायकोला फोन करून, स्वतःच्या पायांनी चालत आला. बायको दारातच भेटली. म्हणाला, डावा खांदा आणि जबडा दुखतोय, घाम थांबत नाही. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "बसा, बोलावते." केसपेपर दिला नाही.

का दिला नाही? कारण केसपेपर निघाला की तुझं घड्याळ चालू होतं. म्हणून जूनअखेरीस मी तिला सांगितलं होतं, डॉक्टर मोकळा व्हायला आला की मगच पेपर काढायचा, तोवर माणसं खुर्च्यांवर बसवायची. हीच ती आमची 'शिस्त'. ती नको म्हणत होती. "सिस्टर, हे बरं दिसत नाही," म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. बैठकीत मला उभं केलं होतं त्याचा राग मी तिच्यावर काढला.

मी काही अगदीच आंधळी नव्हते. दर दहा मिनिटांनी एक सिस्टर खुर्च्यांवरून फिरायची, कुणाचा रंग उतरलेला दिसला की थेट आत घ्यायची. दीड महिन्यात अकरा जणांना आम्ही असं खुर्चीवरून उचललं. फिरणाऱ्या त्या दोघी होत्या. ज्या तुम्ही नेल्यात.

तेव्हाच मी ती शिस्त मोडायला हवी होती. त्याच दिवशी. मोडली नाही. पुन्हा लाल व्हायचं नव्हतं मला.

मंगळवारी मी एकटी होते. कारखान्यात वाफेने भाजलेल्या एका बाईचा हात माझ्या हातात होता, खुर्च्यांकडे पाठ. मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, असं काय करताय, आता येईल नंबर." किंचाळली नाही ती. समजावत होती. मी वळले तेव्हा तो खुर्चीवरून घसरत होता.

अकरा शेहेचाळीसला पेपर निघाला. सत्तेचाळीसला डॉक्टर त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होते. पाऊण तास झटलो. गेला.

तुझ्या पडद्यावर त्याच्यापुढे काय लागलं, ठाऊक आहे? एक मिनिट! सगळ्या महिन्यातली आमची सर्वांत उत्तम वेळ.

त्याच्या बायकोने एवढंच मागितलं, "आम्ही किती वाजता आलो ते लिहून द्या." कागदावर ११:४६. एक तास छत्तीस मिनिटं नवराबायको आमच्या खुर्च्यांवर बसली होती आणि आमच्या कागदांवर ती दोघं अजून घरीच होती.

अधीक्षकांनी काय केलं? खिडकीवरच्या बाईंना नोटीस दिली. 'केसपेपर देण्यात हलगर्जी.' चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या नोटिशीला जोडलेल्या कागदांत बदलीच्या आदेशाची प्रतही होती. खाली लिहिलंय, 'सध्याच्या कामगिरीवरून या विभागात मनुष्यबळ अतिरिक्त आहे, शिफारस करण्यात येते.' शिफारस करणाऱ्याची सही मी ओळखते. पाचवीत असताना ती सही गिरवायला वही मी आणून दिली होती तुला.

"मी विरोध केला" म्हणालास. विरोधाचं अक्षर छान आहे तुझं.

आत्या


१० सप्टेंबर

आत्या,

पाया पडतो, कुणाला काही लिहून देऊ नकोस. अजून दिलं नसशील तर थांब.

सही माझी आहे. संचालकबाई म्हणाल्या, तुमचेच आकडे सांगतात ना की निभतंय, मग लिहा तसं. मी लिहिलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

आणि त्याहून वाईट एक आहे. शेजारच्या टेबलावरची मुलगी ऑगस्टमध्ये बोलली. मला ते जुलैतच दिसलं होतं. केसपेपर एकदम चार-चार निघतात हे कुणालाही दिसेल, मी तर त्याचंच खातो. मी फाइल मिटली. कारण अठ्ठावीस हा आकडा माझाही होता. मला तो खरा हवा होता.

पण आत्या, तू तरी मला का सांगितलं नाहीस? "का ते विचारू नकोस" असं लिहिलंस! मी विचारायला हवं होतं, पण तू सांगायला हवं होतंस. एका ओळीत सांगितलं असतंस की त्या दोघी कशासाठी फिरतात, तर मी काहीही करून परत पाठवल्या असत्या. आपण दोघं एकमेकांना हिरवा रंग दाखवत बसलो.

आता नीट ऐक. तू लिहून दिलंस तर ते सगळं तुझ्यावर ढकलतील आणि फाइल बंद करतील. अधीक्षक सुटतील, संचालकबाई सुटतील. खिडकीवरच्या बाईंना ताकीद देऊन सोडतील, त्यांची नोकरी जाणार नाही, मी चौकशी केली आहे. तुला दोन वर्षं राहिली आहेत. थोडं थांबू. वातावरण निवळू दे.

हे पत्र वाचून फाडून टाक.

टिल्लू


१४ सप्टेंबर

टिल्लू,

"थोडं थांबू." हेच त्या बसचालकाच्या बायकोलाही सांगितलं होतं.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच लिहून दिलं. दोन पानं. हुकूम माझा, तारीख, वेळ, कुणापुढे दिला ते. खिडकीवरच्या बाईंनी नको म्हटलं होतं तेही. अधीक्षकांनी वाचून पहिलं वाक्य काय काढलं असेल? "सिस्टर, हे पडद्याबद्दलचं वाक्य काढून टाकता येईल का?" मी म्हटलं, "साहेब, माणूस परत आणता येत असेल तर सगळी दोन पानं काढते." मला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत.

तू म्हणतोस ते खरं आहे, मी सांगायला हवं होतं. त्याचा जाब मी देईन. पण ताकीद देऊन सोडतील म्हणतोस? वीस वर्षं इमानाने बसलेल्या बाईच्या माथी एक मेलेला माणूस मारायचा आणि वर म्हणायचं, नोकरी जात नाही! लाज नाही वाटली लिहिताना?

तुझं पत्र फाडलेलं नाही. कुणाला दाखवलेलंही नाही आणि दाखवणार नाही. त्यात जे आहे ते तुझ्या तोंडाने सांगायचं आहे. जुलैचे आकडे तुझ्याकडे आहेत. अकरा विभागांचे आहेत. चौकशी समिती तीन तारखेला बसते. तोवर मला पत्र लिहू नकोस, फोन तर मुळीच नको. येणार असलास तर ये. नाहीतर मला एकच आत्या म्हणणारा होता, तोही नाही असं समजेन.

आत्या


९ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्या,

तीन तारखेला समितीपुढे तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बरोबरच केलंस. तुला बाहेर पाठवल्यावर काय झालं ते लिहितो.

मी आधी सहीबद्दल सांगितलं, मग जुलैबद्दल. एका सदस्याने विचारलं, "तुम्हाला दिसत असून तुम्ही गप्प का राहिलात?" मी म्हटलं, "कौतुक होत होतं म्हणून." दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही नव्हतंही.

मग अकरा विभागांचे आकडे ठेवले. आत्या, सात विभागांत हेच आहे. कुठे केसपेपर उशिरा, कुठे डॉक्टरांनी न बघताच आधी वेळ टाकलेली. आणि तुझा तो पहिला आलेला दंतविभाग! तिथे आलेल्या माणसाला "उद्या या" सांगतात आणि 'उद्या' हीच आल्याची वेळ धरतात. सदस्य हसले. तीन वर्षं मी हे मोजत होतो आणि लोक मला माझंच तोंड दाखवत होते.

संचालकबाईंनी बाहेर आल्यावर एवढंच म्हटलं, "आत्यासाठी घर जाळलंत." मला आकडेवारीतून काढलंय. आता छापील फॉर्मांच्या गोदामात बसतो. जाण्याआधी शिफारस मात्र लेखी देऊन आलो. माणूस दारातून आत आला की वेळ धरायची, केसपेपरची नाही. वेळ टाकणारा माणूस त्या विभागाचा नसावा. आणि आकड्याशेजारी त्या दिवशी कामावर किती जण होते, तेही लिहायचं.

माझ्यावर राग असू दे. तो जावा म्हणून हे लिहिलेलं नाही.

टिल्लू


२८ ऑक्टोबर

टिल्लू,

राग आहेच. जाईल असं वाटत नाही, माझ्यावरचाही.

निकाल लागला. खिडकीवरच्या बाईंची नोटीस मागे घेतली. माझं इन्चार्जपद गेलं, आता साधी सिस्टर म्हणून त्याच विभागात आहे. अधीक्षकांना 'समज' दिली, म्हणजे काय ते देव जाणे. तू लिहिलंस तसं घड्याळ आता दारात चालू होतं. पहिल्याच आठवड्यात आमचा आकडा आला एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी मिनिटं! इतका लाल आकडा त्या पडद्याने पाहिला नसेल. तो बघून डॉक्टर परत आला, दोघींपैकी थोरली परत आली. धाकटी अजून 'तात्पुरती' तिकडेच. तिच्यासाठी मी रोज एक अर्ज देते. नवी इन्चार्ज म्हणते, "ताई, किती अर्ज?" मी म्हणते, "ती येईपर्यंत."

काल त्या बसचालकाची बायको आली होती. दुरुस्त कागद तयार झाला होता. आल्याची वेळ १०:१०, डॉक्टरांची ११:४७. माझ्या सहीने. मी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. उभ्या उभ्या वाचला. म्हणाली, "एवढ्या वेळात ते चारदा म्हणाले, जरा जाऊन विचार ना. मी चारही वेळा म्हटलं, कशाला त्रास द्यायचा, किती कामात आहेत त्या."



मग ती म्हणाली, "खरं लिहून दिलंत म्हणून मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नका करू," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेली. तेव्हा खुर्च्यांवर चौदा माणसं बसली होती. मी पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली.

आत्या